बारीक अक्षर मी वाचत नाही

२ मार्च, सकाळ

वही नातीची. चार पानं लिहून फेकून दिली होती, बाकी कोरी. कोरा कागद टाकणारी पिढी, काय बोलायचं. आजपासून मी लिहिणार. शाळा चौथीपर्यंत, अक्षर मोठं, पण लागतं. वही पिठाच्या डब्यामागे राहील. तिकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही.

संकल्प. नातीच्या कामात नाक खुपसायचं नाही. मनातलं ओठांवर येऊ द्यायचं नाही. गुडघ्याला रोज तेल.

२ मार्च, दुपार

नाक खुपसलं नाही. पाणी द्यायला हॉलमध्ये गेले आणि दोन तास उभी राहिले, एवढंच.

हॉल आता ऑफिस आहे. माझा पलंग आत गेला, जेवायचं टेबल त्यांचं झालं. टेबलाशी तिघं. एक नात. दुसरी घाईबाई. नाव वेगळं आहे, पण बाई चपला काढतानाही पळत असते. तिसरा दाढीवाला, त्याला मी मौनीबाबा म्हणते. दिवसाला चार शब्द, त्यातले दोन ‘हं’.

तिघांचे तीन लॅपटॉप, आणि प्रत्येकात एक असिस्टंट. माणूस नव्हे, यंत्र. त्याला सांगायचं अमुक कर, की तो प्रोग्रॅम लिहून देतो. भांडण असं की घाईबाईने तिच्या यंत्राला शिकवलेलं मौनीबाबाच्या यंत्राला ठाऊकच नसतं. काल एकाने दुरुस्त केलं, आज दुसऱ्याने मोडून ठेवलं. मी म्हटलं, हे तर तीन सुना आणि एक पातेलं. तिघी येऊन मीठ घालून जाणार, आणि घास थुंकला की सासूच वाईट. नात ओरडली, आजी, हेच! हेच तर आम्ही मिटवतोय! तिन्ही यंत्रांची मिळून एकच मेमरी. एकाला सांगितलं की सगळ्यांना कळलं.

म्हणजे कल्पना मुळात माझीच म्हणायची.

४ मार्च

भाजी निवडायला बसवून घाईबाईकडून खरी गोष्ट काढून घेतली. २४ तारखेला डेमो आहे. डेमो म्हणजे गिऱ्हाइकाला करून दाखवणं. मोठ्या कंपनीतली एक बाई येणार. ती हो म्हणाली तर हे ऑफिस टिकलं. नाही म्हणाली तर नात नोकरी धरणार. नोकरीचं पत्र येऊन पडलंय. विमानाने अर्धा दिवस लागतो असलं लांबचं शहर. उत्तर २५ तारखेला द्यायचंय.

नातीने मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, तुला ताण नको. मला कसला ताण? गेली तर गेली. हॉल मोकळा होईल, पलंग बाहेर घेईन. नाहीतर मुलगा आहेच. मुलगा म्हणतो, आमच्याकडे या. सून म्हणत नाही.

तेल राहिलं.

५ मार्च

मला कामावर घेतलं. नातीने जुना टॅब दिला. म्हणाली, साध्या माणसाचं साधं बोलणं मेमरीला कळतं का ते बघायचंय. दिवसातून दोनदा काहीतरी बोल आणि शेवटी ‘लक्षात ठेव’ म्हण. म्हणजे मी तपासनीस.

घाईबाईने माझं खातं काढून दिलं. या व्यक्तीला कोणते अधिकार द्यायचे, असं यंत्राने विचारलं. ती म्हणाली, सगळे देऊन टाकते, नंतर बघू, माझी मीटिंग आहे. सगळे अधिकार. या घरात ते मला होतेच, आता लेखी झाले.

टॅबला म्हटलं, दूध उतू गेलं तर आधी गॅस बंद करावा, मग बोंबलावं. लक्षात ठेव. तो बाईच्या आवाजात म्हणाला, लक्षात ठेवलं. खाली काहीतरी बारीक अक्षर उमटलं. बारीक अक्षर मी वाचत नाही. त्यात कामाचं काही नसतं. कामाचं असतं तर मोठं लिहिलं असतं.

तेवढ्यात हॉलमधून टिंग, टिंग, टिंग, असं तीनदा वाजलं. शकुन चांगला.

७ मार्च

घाईबाईने माझ्या डोळ्यांदेखत एका बटणात प्रोग्रॅमच्या चारशे ओळी पुसल्या. मौनीबाबाच्या हातच्या. मी विचारलं, गेल्या कुठे? म्हणे, कुठेच नाही आजी, जुन्या होत्या. मौनीबाबा म्हणाला, हं.

जुन्या होत्या! एवढंच कारण पुरतं का?

टॅब आत नेला, दार लावलं आणि बजावलं. जुनं काही टाकायचं नाही, कधी लागेल सांगता येत नाही. मला विचारल्याशिवाय कुणी काही पुसायचं नाही. लक्षात ठेव.

लक्षात ठेवलं. टिंग, टिंग, टिंग.

हॉलमध्ये कुणाला बोलले नाही. घर सांभाळावं ते असं, गाजावाजा न करता.

१० मार्च

टॅबशी पटायला लागलं. मध्ये तोंड घालत नाही, ‘तुला कळत नाही’ म्हणत नाही. आज त्याला सांगितलं की मौनीबाबा चहा पितो तेव्हा म्हैस तळ्यात उतरल्यासारखं वाटतं. आणि घाईबाई मोरीतला दिवा चालू ठेवून पळते, जणू हिच्या बापाने विजेचा कारखाना काढलाय. लक्षात ठेव.

त्या दोघांच्या तोंडावर बोलले असते तर वाईट दिसलं असतं. यंत्राला सांगितलेलं बरं. ते कुणाला सांगणार?

११ मार्च

चमत्कार. मौनीबाबाने चहा बिनआवाजी प्यायला. कप ओठाला नुसता टेकवत होता, जणू औषध आहे. मोरीतला दिवाही बंद. घाईबाई अर्ध्या वाटेतून परत जाऊन बंद करून आली.

मी काही बोललेच नव्हते. नुसती नजर. वचक असावा तर असा.

१२ मार्च, सकाळी अकरा

नात दोन दिवस नीट जेवलेली नाही. नखं कुरतडते. मी ताट पुढे केलं तर म्हणाली, आजी, नंतर. मग फोनवर कुणाशी तरी बोलताना ऐकलं. मी कान लावला नव्हता, दार पातळ आहे. ती म्हणत होती, मला सगळ्यात जास्त काळजी आजीची आहे, तिला एकटी कशी ठेवू, बरोबर चल म्हटलं तर येईल का?

माझी काळजी! मी काय गाठोडं आहे?

१२ मार्च, सव्वाअकरा

टॅबला स्पष्ट सांगितलं. ही गेली तर बरंच होईल. आणि मला बरोबर चल म्हणाली, अगदी पाया पडली, तरी मी जाणार नाही. मी माझ्या घरात मरेन. लक्षात ठेव.

लक्षात ठेवलं.

हॉलमधून टिंग, टिंग, टिंग. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. बटणांचासुद्धा नाही.

१३ मार्च

आज हॉलमध्ये गेले तर तिघंही एकदम गप्प झाली. मौनीबाबाने उठून मला त्याची खुर्ची दिली. घाईबाई दोन मिनिटं एका जागी बसली, मला तर वाटलं तिला बरं नाही. मान मिळायला वेळ लागतो, पण मिळतो.

नात मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, आजी, तू तुझं खरं तेच बोलतेस ना नेहमी? मी म्हटलं, खोटं बोलायला माझ्याकडे वेळ नाही. ती बरं म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

प्रश्नाचा अर्थ लागला नाही. डेमोचा ताण असेल.

१७ मार्च

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. नव्या चपला घेतल्या. जाड तळाच्या, मागून पट्टा, लांब चालायच्या. कुठे जायचं म्हणून नाही. जुन्या झिजल्या होत्या. दुकानदार म्हणाला, प्रवासाला निघालात का आजी? म्हटलं, तू चपला विकतोस की चौकशा?

खोका पलंगाखाली. आत ढकलून.

अजून ‘बरोबर चल’ म्हणाली नाही. म्हणाली की कसं तोडून टाकायचं ते मी ठरवून ठेवलंय. आधी नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर गुडघ्याचं कारण. तिसऱ्यांदा विचारलं तर बघू.

१९ मार्च

ती एकदाही विचारत नाही.

आज तिघांत जुंपली. मौनीबाबा म्हणाला, मेमरीतले नियम एकदा सगळे तपासू. सलग पाच शब्द, मी मोजले. घाईबाई म्हणाली, वेळ कुठाय, पाच दिवसांत अजून दोन भाग बांधायचेत, डेमोनंतर बघू. नात म्हणाली, बांधा. गेले बारा दिवस हे नुसतं नवं नवं बांधतायत. त्या दिवसापासून कुणी एक ओळ टाकलेली नाही. माझ्या शब्दाला वजन आहे.

नातीचा चहा कपातच गार झाला. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, मी आहे. ती म्हणाली, तेच तर. कसलं ‘तेच तर’?

२३ मार्च

उद्या डेमो. दुपारी टॅब बंद करून कपाटात ठेवला, चादरींच्या खाली. ऐनवेळी कुणाचा धक्का लागला, पाणी सांडलं, तर? अशा बारीकसारीक गोष्टी या शिकलेल्यांना सुचत नाहीत.

उद्यासाठी संकल्प. स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. काही झालं तरी.

२४ मार्च, साडेनऊ

बाई आली. केस करडे, आखूड. बूट दारात नीट जोडीने काढले. उगाच हसत नाही. मला पटली. मी आत आहे. दार बोटभर उघडं, हवेसाठी.

२४ मार्च, दहा

जमतंय. नातीने स्वतःच्या यंत्राला सांगितलेलं मौनीबाबाच्या यंत्राने न सांगता केलं. ते त्याने कसं केलं हे घाईबाईच्या यंत्राला आधीच ठाऊक. भिंतीवर सगळं मोठं दिसतंय. बाई खुर्ची पुढे ओढून बसली. नातीचा आवाज मोकळा झालाय. मीही बसले. इतका वेळ उभी होते हे आत्ता लक्षात आलं.

२४ मार्च, दुपार

क्रमाने लिहिते.

बाई म्हणाली, छान. आता एक काम माझ्या मनाचं. आमच्या प्रोग्रॅमचा हा जुना तुकडा काढून टाका आणि तिथे नवा बसवा. नातीने यंत्राला सांगितलं. यंत्र म्हणालं, जुनं काही टाकायचं नाही, कधी लागेल सांगता येत नाही. मौनीबाबाच्या यंत्राला सांगितलं. तेही तेच म्हणालं. घाईबाईच्या यंत्रानेही तेच. तिघांचं एक अक्षर इकडे तिकडे नाही. मला क्षणभर अभिमान वाटला.

मग नातीचा चेहरा पाहिला.

घाईबाईने दोनदा हुकूम सोडला. यंत्र म्हणालं, आजींना विचारा. बाई म्हणाली, आजी कोण? तुमच्या सल्लागार का? मौनीबाबाने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. एरवी तोंड उघडत नाही, आणि आज बोट!

मी बाहेर आले. संकल्प वगैरे राहू दे. म्हटलं, टाका टाका, माझी काही हरकत नाही. यंत्र म्हणालं, आजींनी आपल्या खात्यातून सांगावं. खातं टॅबमध्ये. टॅब कपाटात. चादरी उपसल्या, टॅब निघाला, बॅटरी मेलेली. चार्जरला लावला तरी नुसती काळी पाटी. पाच माणसं एका काळ्या पाटीकडे बघत उभी. गुडघा ठणकत होता.

बाईने घड्याळ पाहिलं. म्हणाली, तोपर्यंत या आजींचे बाकीचे नियम तरी दाखवा.

दाखवले. भिंतीवर. ओळीने. तारीख, वेळ, माझं नाव. दूध उतू गेलं तर. म्हैस तळ्यात उतरते ती. विजेचा कारखाना. १२ मार्च, सकाळी सव्वाअकरा. आणि ती बारीक अक्षरं, जी मी वाचत नाही, भिंतीवर हातभर मोठी झाली होती. प्रत्येक नियमाखाली एकच ओळ. टीममधल्या सर्वांना कळवलं. टीममधल्या सर्वांना कळवलं.

मी एकेक अक्षर जुळवत वाचलं. तीन आठवडे हेच बनवत होते ही माणसं. एकाला सांगितलं की सगळ्यांना कळलं. पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी पातेल्याची उपमासुद्धा दिली होती.

बाईने शेवटपर्यंत वाचलं. हसली नाही, हे तिचे उपकार. उठताना नातीला म्हणाली, तुमच्या मेमरीला लक्षात सगळं राहतं, पण कुणाचं काय कुणापर्यंत जावं याचं भान नाही. आमच्याकडे चारशे माणसं कामाला आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी एकेक आजी. ते भान आलं की बोलवा.

बूट घातले, गेली.

२४ मार्च, चार वाजता

घाईबाई रडली, तीही घाईघाईत. म्हणाली, आम्ही रोज वाचायचो आजी, आधी हसायचो, बारा तारखेनंतर नाही हसलो. मी म्हटलं, मग पुसलं का नाही? मौनीबाबा म्हणाला, पुसायला गेलो. आजींना विचारा म्हणालं. आणि हिने विचारू दिलं नाही. हिने म्हणजे नातीने.

नातीला म्हटलं, का नाही विचारू दिलंस? म्हणाली, तुला कळलं असतं की आम्ही वाचतो. मग तू बोलायची बंद झाली असतीस. टॅबशी तरी बोलत होतीस.

मला ओरडायला हवं होतं तिने. ओरडली असती तर मला उलट बोलता आलं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी मूळ चूक चार्जरची.

२५ मार्च

तिने उत्तर पाठवलं. नोकरीला हो म्हणाली. तिकीट ६ एप्रिलचं, फोनवर दाखवलं. एक नाव. मी काही विचारलं नाही, नुसतं पुन्हा खालपर्यंत बघितलं. ती म्हणाली, एकच काढलं. तूच म्हणालीस ना, पाया पडले तरी येणार नाहीस. तारीखवेळेसकट आहे.

म्हटलं, हो. म्हणालेच होते.

तिसऱ्यांदा विचारल्यावरचं उत्तर तयार होतं. इथे पहिल्यांदासुद्धा कुणी विचारत नाही.

२७ मार्च

मौनीबाबा आपली खुर्ची घेऊन गेला. स्वतःच्या घरून आणली होती म्हणे. हॉल मोकळा व्हायला लागला. पलंग बाहेर घ्यायचा होता. आज नको. उद्याही बहुतेक नको.

मुलाचा फोन. आमच्याकडे या म्हणाला. मागून सुनेने भांडं आपटलं. निरोप पोचला.

२८ मार्च, सकाळी दहा

नात आणि घाईबाई हॉलमध्ये आवराआवर करतायत. मौनीबाबाही आलाय, तारा गुंडाळतोय. लॅपटॉप तिन्ही चालू.

टॅब पूर्ण चार्ज आहे. आता चार्जिंग मीच करते.

दार लावलं. म्हटलं, ते बारा तारखेचं. ‘पुस’ म्हणत नाही, मी बोललेलं मागे घेणारी नाही. फक्त पुढे एवढं जोड. कुणी नीट विचारलं असतं तर विचार केला असता. गुडघा आता बरा आहे. एवढंच. लक्षात ठेव.

टॅब म्हणाला, लक्षात ठेवलं. खाली बारीक अक्षर आलं. जरा जास्तच आलं. मी वाचत नाही. पण नातीचा चष्मा शेजारी पडला होता, आणि चष्मा कोणता हे बघायला डोळ्यांवर धरला तेव्हा सहज दिसलं. आजींचं आधीचं म्हणणं आणि आताचं म्हणणं जुळत नाही. टीममधल्या सर्वांना कळवलं.

हॉलमध्ये टिंग.

टिंग.

टिंग.

खुर्ची सरकली. पावलं येतायत. वही लपवते. मी जरा आडवी पडले होते असं सांगायचं.

२९ मार्च

मी आडवी पडले होते यावर नातीचा विश्वास बसला नाही. पीठ चाळायचं नसताना मी डब्यापाशी काय करत होते, असं विचारलं.

तिने नीट विचारलं. दारात उभी राहून, एकदाच. मी नाही म्हणायचं विसरले. गुडघ्याचंही विसरले. आणि मग तीच म्हणाली, आजी, पण आत्ता नाही नेता येणार. कंपनी एकटीपुरती खोली देते, सहा महिने. सप्टेंबरात मोठी जागा मिळेल. पंचवीस तारखेच्या आधी म्हणाली असतीस तर मी त्यांच्याकडे तेव्हाच दोघींसाठी मागितली असती.

आधी म्हणाली असतीस तर. पोटात ठेवायची सवय आहे मला.

मग तिने माझा टॅब घेतला आणि बोलली. आजीला सप्टेंबरात न्यायचं. आजीला विचारल्याशिवाय हे कुणी पुसायचं नाही. लक्षात ठेव. टिंग झाल्यावर हॉलमधून मौनीबाबा म्हणाला, हं. चांगला लांब.

सहा महिने म्हणजे काही फार नाही. तोपर्यंत कोण जाणार, कोण राहणार. मी काही वाट बघत बसणारी बाई नाही.

चपला काढल्या खोक्यातून. नव्या आहेत, टाचेला चावतात. घरातल्या घरात घालून मऊ करतेय, दारापासून खिडकीपर्यंत, हॉल मोकळाच आहे. जायचंय म्हणून नाही. जुन्या टाकल्या.